गाडी घरी बांधायची तर मागचं सस्पेन्शन कोणतं निवडाल?

छप्पर नसलेली, दोन सीटची, पाचशे-साडेपाचशे किलोची गाडी स्वतःच्या हातांनी बांधायची, हा छंद खरा रुजला इंग्लंडात. १९५७ साली लोटसच्या कॉलिन चॅपमनने ‘सेव्हन’ बाजारात आणली. ती सुट्या भागांत घेऊन घरी जोडली तर तिथला परचेस टॅक्स लागत नसे, म्हणून बेताच्या पगाराच्या माणसालाही ती परवडायची. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या इंग्लिश कंपनीकडे गेले आणि ती आजही बनते. १९९० च्या दशकात हौशी लोक आणखी पुढे गेले. किटसुद्धा नको, चौकोनी नळ्या कापून चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, आपणच वेल्ड करायची आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल एखाद्या जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढायचा. अशा गाड्यांना तिकडे ‘लोकॉस्ट’ म्हणतात.

या गाडीचं पुढचं सस्पेन्शन, म्हणजे चाकं गाडीला टांगणारी रचना, ठरवायला फार वेळ लागत नाही. डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन ‘व्ही’ आकाराचे हात, आणि स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बरची एकत्र जोडी, इथे सगळ्यांचं एकमत असतं. अडतं ते मागे. मागचं चाक नुसतं धरून ठेवायचं नसतं, त्याला इंजिनची ताकदही पोचवायची असते आणि त्या ताकदीचा उलटा धक्का कुठेतरी झेलायचा असतो.

माझं मत आधीच सांगतो. हलक्या गाडीत मागची रचना कागदावर किती प्रगत दिसते याला फारसा अर्थ नाही. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा गोळा, कुठून मिळणार, चाकाबरोबर वर-खाली हलणारं वजन किती आणि तुमच्या हातून वेल्डिंगमध्ये किती मिलिमीटरची चूक राहणार, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर निवड ठरते. महागडं स्वतंत्र सस्पेन्शन ढिल्या ब्रॅकेटवर बसवलेली गाडी साध्या, पण घट्ट बसवलेल्या ॲक्सलच्या गाडीपेक्षा वाईट चालते.

चाकाला काय करू द्यायचं, काय नाही

कुठलीही वस्तू सहा प्रकारे हलू शकते: पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली, आणि या तिन्ही दिशांभोवती फिरणं. चाकाचं स्वतःच्या आसाभोवती फिरणं बेअरिंग बघतं. चाक ज्यावर बसतं त्या हबला सस्पेन्शनने या सहांपैकी एकच हालचाल करू द्यायची, वर-खाली. बाकी पाच वाटा बंद करायच्या. सगळ्या रचना हेच काम करतात. फरक असतो तो वर-खाली होताना चाक किती तिरकं होतं यात.

तिरकेपणाचे दोन प्रकार लक्षात ठेवा. समोरून पाहिलं तर चाकाचा माथा आत किंवा बाहेर झुकतो, तो कॅम्बर. वरून पाहिलं तर चाकाचा पुढचा काठ आत किंवा बाहेर वळतो, तो टो. कॅम्बर बिघडला की वळणावर टायरची पकड कमी होते आणि एका बाजूने रबर झिजतं. मागचा टो बिघडला तर गाडी तुम्ही न सांगता स्वतःच वळू लागते. घरी बांधणाऱ्याने कॅम्बरपेक्षा टोची काळजी जास्त करावी, आणि सहसा उलटंच होताना दिसतं.

एकसंध ॲक्सल: जुना म्हणून टाकून देऊ नका

अँबॅसडर, पद्मिनी, ओम्नी, बोलेरो या सगळ्यांखाली जो असतो तोच हा प्रकार. मधे डिफरन्शियलचा गोळा, दोन्ही बाजूंना नळ्या, टोकांना चाकं, सगळं मिळून एकच हाउसिंग. आपल्याकडे त्याला बहुधा पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, टांगलेलं असतं. स्पोर्ट्स कारमध्ये पाटे नकोत, कारण त्यांना भारही पेलायचा असतो आणि ॲक्सल जागच्या जागी धरायचाही असतो. दुसरं काम ते अर्धवटच करतात. कॉइल स्प्रिंग भारासाठी आणि वेगळ्या दांड्या ॲक्सल धरण्यासाठी, अशी कामाची वाटणी झाली की हाच ॲक्सल एकदम शहाण्यासारखा वागतो.

त्याचा मोठा गुण असा की वळणावर गाडीचं अंग कितीही कलो, दोन्ही चाकं रस्त्याला काटकोनातच राहतात. टो तर हाउसिंगमध्येच पक्का झालेला असतो. कारखान्याने ज्या अचूकतेने तो बनवला ती तुम्हाला आयती मिळते. गुळगुळीत ट्रॅकवर, शंभरेक अश्वशक्तीच्या गाडीत, नीट बसवलेल्या ॲक्सलच्या मागे लागून त्याला हरवणं सोपं नसतं.

मग खोट कुठे आहे? वजनात. समजा ॲक्सल ब्रेकसकट ६० किलोचा आहे आणि दोन चाकं मिळून ३० किलोची. एकूण ९० किलो खड्ड्याबरोबर वर-खाली नाचणार. गाडी ११०० किलोची असेल आणि अर्धं वजन मागे धरलं, तर ५५० मधून ९० गेले, स्प्रिंगच्या वर ४६० उरले. नाचणाऱ्या एका किलोला दाबून धरायला वर पाच किलो आहेत. तोच ॲक्सल ५५० किलोच्या गाडीखाली घाला. मागे २७५, त्यातून ९० वजा, उरले १८५. आता एका किलोमागे जेमतेम दोन. ज्या गचक्याने जड गाडीच्या पाठीला काही कळलं नसतं, तोच हलक्या गाडीची पाठ उचलून बाजूला टाकतो. वळणाच्या मध्यावर रस्त्याला सांधा लागला की हे नीट जाणवतं. गाडीचा मागचा भाग हातभर नाही, पण वीतभर नक्की सरकतो.

दुसरी खोट ताकदीची. गिअरबॉक्सकडून मागे येणारा प्रॉपेलर शाफ्ट डिफरन्शियलला फिरवतो तेव्हा हाउसिंगलाही पिळतो. नेहमीच्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनात डावं चाक दाबलं जातं आणि उजवं हलकं होतं. म्हणून जोरात निघताना आधी उजवं चाक घसरतं.

आणि तिसरी गोष्ट ब्रॅकेटची. आकडा काढून बघा. वेग घेताना मागच्या दोन चाकांवर मिळून ३५० किलो भार आहे आणि टायरची पकड तेवढीच, म्हणजे गुणांक १ धरला, तर रस्त्यावर साधारण ३४०० न्यूटन ढकल मिळते. चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर, म्हणजे हाउसिंगला उलटं फिरवू पाहणारा पीळ सुमारे ९५० न्यूटन-मीटर. वरच्या आणि खालच्या दांड्यांत २० सेंटिमीटर अंतर ठेवलं असेल तर फक्त हा पीळ अडवायला दांड्यांच्या त्या जोड्यांना जवळपास ४८०० न्यूटन, म्हणजे अर्ध्या टनाच्या आसपास ओढ सोसावी लागते. ते अंतर १० सेंटिमीटर केलंत तर ओढ दुप्पट. दीड मिलिमीटर जाडीच्या नळीच्या एका भिंतीवर चिकटवलेलं ब्रॅकेट हे फार दिवस सोसत नाही. ब्रॅकेट नेहमी नळ्यांच्या सांध्याजवळ बसवा, आणि भिंतीवर बसवावंच लागलं तर आत आरपार बुश, म्हणजे जाड नळीचा तुकडा, वेल्ड करून बोल्ट दोन्ही भिंतींतून घ्या.

सेव्हनचाच इतिहास यात शिकवण्यासारखा आहे. १९६० च्या सिरीज टूमध्ये ॲक्सलला डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे धरायला खालून एक ‘ए’ आकाराची चौकट होती, तिचं टोक थेट डिफरन्शियलच्या हाउसिंगला बांधलेलं. कल्पना सुटसुटीत होती. पण ते हाउसिंग एका साध्या, कमी ताकदीच्या गाडीचं होतं आणि एवढा जोर झेलण्यासाठी कधी बनवलंच नव्हतं. ते वाकायचं आणि तेल गळायचं. दुसऱ्या गाडीचा भाग घेताना तो तिथे कुठून कुठून जोर झेलत होता हे बघूनच आपली दांडी जोडावी.

पॅनहार्ड दांडी आणि एक छोटं गणित

चार लांब दांड्या ॲक्सलला पुढे-मागे धरतात. डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून आणखी काहीतरी लागतं. सोपा उपाय म्हणजे पॅनहार्ड दांडी: एक टोक चेसिसला, दुसरं ॲक्सलला, गाडीच्या रुंदीभर आडवी. तिच्यावर ठरलेला आक्षेप असा की तिचं टोक कमानीत फिरतं, त्यामुळे ॲक्सल बाजूला सरकतो आणि म्हणून जेम्स वॉटच्या १७८४ च्या रचनेसारखी दुहेरी लिंक बसवावी.

हिशेब केला तर भीती कमी होते. दांडी १ मीटरची आणि उभ्या गाडीत आडवी असेल, तर ॲक्सल ५ सेंटिमीटर वर गेल्यावर बाजूला सरकणं फक्त सव्वा मिलिमीटर. दांडी ६० सेंटिमीटरची असली तरी दोन मिलिमीटरच्या आसपास. पण हीच १ मीटरची दांडी उभ्या गाडीतच १० अंश तिरकी बसवली असेल, तर तेवढ्याच उचलीत ॲक्सल १ सेंटिमीटर सरकतो. म्हणजे दुहेरी लिंक बनवण्यात पैसे घालण्याआधी साधी दांडी लांब ठेवा, आणि माणूस गाडीत बसलेला असताना ती आडवी येईल अशी बांधा.

वेल्डिंगचं एक सांगायचं राहिलं. हाउसिंगच्या नळीवर एकाच बाजूला ब्रॅकेट वेल्ड केली की थंड होताना नळी त्या बाजूला ओढली जाते. डोळ्याला काही दिसत नाही. पण चाकं बसवून दोन्ही बाजूंना गाडीच्या मध्यरेषेला समांतर दोऱ्या ताणल्या आणि रिमच्या पुढच्या व मागच्या काठापासून दोरीपर्यंत पट्टी लावली की दोन-तीन मिलिमीटरचा फरक हाताला लागतो. आयता मिळालेला टो असा आपणच घालवून बसतो. छोटे छोटे टाके घाला, बाजू बदलत राहा, मधे थंड होऊ द्या, आणि वेल्ड करताना हाउसिंग जाड चॅनलला घट्ट बांधून ठेवा.

स्वतंत्र सस्पेन्शन: चाक एकटं, जबाबदारी दुप्पट

प्रत्येक चाक वेगळं हललं की डिफरन्शियल चेसिसला बांधता येतं. नाचणारं वजन एकदम कमी होतं आणि एका चाकाच्या खड्ड्याची बातमी दुसऱ्याला लागत नाही. इथपर्यंत सगळं गोड आहे. पण आता चाकाचा कोन धरून ठेवायला मधली नळी नाही. तो तुमच्या भूमितीवर अवलंबून.

यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात धोक्याचा प्रकार स्विंग ॲक्सल. डिफरन्शियलजवळ एक सांधा आणि तिथून अर्धा ॲक्सल चाकासकट वर-खाली. फोक्सवॅगन बीटल, पहिली शेव्हरोले कॉर्व्हेअर, ट्रायम्फची १९६२ ची स्पिटफायर यांच्या मागे हेच होतं. वळणावर बाहेरचं चाक गाडीला ढकलत उचलतं, उचललं की चाक खाली दुमडतं, दुमडलं की पकड जाते. ट्रायम्फने १९७० च्या स्पिटफायरमध्ये आडवा पाटा मधे फिरता ठेवून हा दोष बराच आटोक्यात आणला. आज घरी बांधताना हा प्रकार निवडायला काही कारण उरलेलं नाही.

मात्र त्यातला कोनाचा हिशेब समजून घ्या, कारण पुढे तोच लागतो. कपाटाचं छोटं दार आणि वाड्याचा रुंद दरवाजा दोन्ही काठाशी पाच सेंटिमीटर उघडले, तर छोट्या दाराचा कोन कितीतरी जास्त भरतो. चाकाचंही तसंच. स्विंग ॲक्सलचा सांधा चाकापासून ६० सेंटिमीटरवर असतो, त्यामुळे चाक अडीच सेंटिमीटर वर गेलं की कॅम्बर जवळपास २.४ अंशांनी बदलतो. डबल विशबोनमध्ये वरच्या आणि खालच्या विशबोनच्या रेषा आत वाढवत नेल्या की त्या जिथे मिळतात तिथे हा सांधा असल्यासारखं चाक फिरतं. तो बिंदू २ मीटरवर नेला तर तेवढ्याच उचलीत कॅम्बर ०.७ अंशच बदलतो. लोखंडाचा सांधा तिथे नसतोच, म्हणून तो हवा तिथे ठेवण्याची मोकळीक मिळते. डबल विशबोनचा सगळा मोठेपणा यात आहे.

पण फुकट काही मिळत नाही. वळणावर गाडीचं अंग २ अंश कलतं तेव्हा चाकंही त्याच्याबरोबर कलू पाहतात. दोन चाकांत १.३ मीटर अंतर असेल तर बाहेरच्या बाजूला सस्पेन्शन सुमारे २३ मिलिमीटर दबतं. बिंदू २ मीटरवर असेल तर त्या दबण्याने ०.६५ अंश परत मिळतात, म्हणजे बाहेरचं चाक रस्त्याशी १.३५ अंश चुकीच्या बाजूला झुकलेलंच राहतं. पूर्ण २ अंश परत हवे असतील तर बिंदू ६५ सेंटिमीटरवर आणावा लागेल, आणि मग आपण पुन्हा स्विंग ॲक्सलच्या दारात उभे. सरळ रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्यावर चाकं फेंगडी होणार. म्हणून डबल विशबोनमध्ये नेहमी तडजोड असते, आणि ती बिंदू कुठे ठेवता यावर तुम्हीच ठरवायची असते. एकसंध ॲक्सलला हा प्रश्नच पडत नाही.

सेव्हनसारख्या गाडीत याला आणखी एक पैलू आहे, त्याच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. तिच्या सीट मागच्या चाकांच्या अगदी पुढे असतात. शेजारी ७५ किलोचं माणूस बसलं तर त्यातले पन्नास-पंचावन्न किलो मागच्या ॲक्सलवरच येतात. मागच्या स्प्रिंग २० न्यूटन प्रति मिलिमीटरच्या असतील तर पाठ साधारण तेरा मिलिमीटर खाली बसते. बाराशे किलोच्या, जाड स्प्रिंगच्या गाडीत ज्याची दखलही घेतली नसती, ते इथे एका प्रवाशाने होतं. स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर एकटे असताना लावलेला कॅम्बर आणि टो दुकटे झाल्यावर तोच राहत नाही. त्यासाठी तरी चाकं लावताना सीटवर तुमच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवा, नाहीतर स्वतः बसा आणि दुसऱ्याला मोजायला सांगा.

आता टो. मागच्या हबला वळण्यापासून रोखणारी जी दांडी असते ती हबच्या मध्यापासून समजा १५ सेंटिमीटरवर जोडलेली आहे. तिच्या चेसिसकडच्या टोकाला १ मिलिमीटर हलायला जागा मिळाली, सांध्यातलं रबरी बुश मऊ आहे म्हणून किंवा ब्रॅकेट वाकतंय म्हणून, तर चाक ०.४ अंशाच्या आसपास वळतं. मागचा टो आपण मुळात लावतो तोच अंशाच्या लहानशा भागाएवढा. ब्रेक दाबला की चाकं बाहेर वळली आणि सोडला की आत आली, अशी गाडी सरळ रस्त्यावरही माणसाला घाम फोडते. विशबोनचे पाय लांब-रुंद ठेवा, टोची दांडी चाकापासून शक्य तेवढी लांब आणि सगळ्यात मजबूत नळीला बांधा. कॅम्बरचा अभ्यास त्यानंतर.

सेमी-ट्रेलिंग आर्म, म्हणजे पुढे तिरक्या सांध्यावर टांगलेला आणि मागे चाक धरणारा एकच हात, १९८२ च्या फोर्ड सिएरामागे होता तो प्रकार, स्वस्तात मिळतो आणि भाग कमी. पण चाक वर-खाली होताना कॅम्बर आणि टो दोन्ही एकत्र बदलतात, आणि गाडी हलकी किंवा बुटकी केली की आर्म मूळ कोनात राहत नाहीत. सिएराचं डिफरन्शियल घ्यावं, आर्म मात्र तिथेच सोडावेत.

दि दिऑं: दोघांमधली जुनी वाट

१८९० च्या दशकात फ्रान्समध्ये दि दिऑं-बुतॉं कंपनीच्या वाफेच्या गाड्यांसाठी शार्ल त्रेपार्दू या इंजिनिअरने ही रचना आणली, नाव मात्र त्याच्या श्रीमंत भागीदाराचं लागलं. डिफरन्शियल चेसिसला बांधा, त्यातून स्वतंत्र सस्पेन्शनसारखे दोन ड्राइव्हशाफ्ट काढा, आणि दोन चाकांना मात्र एका पोकळ, हलक्या नळीने एकमेकांशी जोडून टाका. नळी डिफरन्शियलला वळसा घालून मागून जाते.

दोन्हीकडचं चांगलं यात येतं. चाकं एकमेकांना समांतर आणि रस्त्याला काटकोनात. शेजारी माणूस बसो किंवा गाडी कलो, कॅम्बर हलत नाही. डिफरन्शियलचं वजन नाचणाऱ्या वजनातून गेलं. प्रॉपेलर शाफ्टचा पीळ चेसिसने घेतला, उजवं चाक हलकं होत नाही. आणि घरी बांधणाऱ्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे कॅम्बर आणि टो नळीच्या टोकांना लावलेल्या जाड पट्ट्यांमध्ये एकदाच पक्के करता येतात. हब बोल्ट करताना मधे पातळ पत्र्याचे शिम घातले की पाव अंश इकडेतिकडे करणं हातात राहतं. डबल विशबोनमध्ये दोन बाजूंना मिळून दहा-बारा ठिकाणं अचूक लागतात. इथे अचूक लागते ती मुख्यतः एक नळी, आणि ती टेबलावर जिगमध्ये, म्हणजे पक्क्या साच्यात, बांधून वेल्ड करता येते.

तोटेही आहेत. एका चाकाखाली खड्डा आला की दुसऱ्याचा कोन थोडा बदलतोच. चाक आणि डिफरन्शियल यांतलं अंतर कमी-जास्त होतं, म्हणून ड्राइव्हशाफ्टला कोनातही ताकद पोचवणारे आणि आत-बाहेर सरकणारे सीव्ही जॉइंट लागतात. आणि मघाचा तो ९५० न्यूटन-मीटरचा पीळ कुठे हवेत गेलेला नसतो. तो आता डिफरन्शियलच्या बोल्टवर आणि त्यामागच्या चेसिसच्या नळ्यांवर येतो. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना डिफरन्शियलचं नाक वर उसळतं आणि मागच्या आडव्या नळीला तडा जातो, ही दि दिऑं बांधणाऱ्यांची नेहमीची तक्रार. मागे दोन आणि नाकाशी एक असे तीन आधार द्या, त्यांच्यामधलं अंतर मोठं ठेवा, आणि ते आधार चेसिसच्या सांध्यांवर आणा.

केटरहॅम या वाटेला कशी आली तेही बघण्यासारखं आहे. मागचा ड्राइव्ह असलेली एस्कॉर्ट १९८० मध्ये बंद झाली. मग मॉरिस आयटलचा ॲक्सल वापरला, तीही १९८४ मध्ये बंद. बाजारात हलका, स्वस्त ॲक्सलच उरला नाही, तेव्हा सिएराचं डिफरन्शियल घेऊन दि दिऑं आली. निर्णय भूमितीच्या पुस्तकातून आला नाही, सुट्या भागांच्या बाजारातून आला. आणि तो इतका नीट बसला की २००४ च्या सुमारास पूर्ण स्वतंत्र सस्पेन्शनची सीएसआर काढूनही बाकीच्या सेव्हन दि दिऑंवरच राहिल्या. ३१० अश्वशक्तीची, सुपरचार्जरवाली ६२०आरसुद्धा. दुसऱ्या टोकाला, २०१३ मध्ये आलेल्या ८० अश्वशक्तीच्या छोट्या मॉडेलमध्ये ६६० सीसीच्या सुझुकी इंजिनाबरोबर सुझुकीचाच एकसंध ॲक्सल परत आला. पाचशे किलोंच्या आतली गाडी, अरुंद टायर, बेताची ताकद. तिथे तेवढा पुरतो.

मग निवडायचं कोणतं

हातात हलका, चांगल्या अवस्थेतला ॲक्सल आहे, इंजिन शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या आत आहे आणि गाडी मुख्यतः गुळगुळीत रस्त्यावर चालणार आहे, तर एकसंध ॲक्सल घ्या. चार लांब दांड्या, एक लांब आडवी पॅनहार्ड, आणि दांड्यांचं पुढचं टोक ॲक्सलपेक्षा वर ठेवू नका. नाहीतर गाडी कलली की ॲक्सल स्वतःच बाहेरच्या बाजूला वळतो आणि पाठ निसटू लागते.

वेगळं बांधता येणारं डिफरन्शियल मिळालं आणि गाडी साडेपाचशे-सहाशे किलोंत ठेवायची आहे, तर माझं मत निःसंशय दि दिऑंच्या बाजूने. वजन, अचूकता आणि माणसं बसल्यावरचा फरक, तिन्ही प्रश्न एकदम सुटतात.

गाडी सातशे किलोंच्या वर जाणार असेल, किंवा खराब रस्त्यांवरून रोज न्यायची असेल, तर पहिल्या दोन पिढ्यांतल्या मझ्दा एमएक्स-५ चा पूर्ण मागचा भाग उचला. १९८९ ते २००५ पर्यंतच्या या पिढ्यांत चारही चाकांना डबल विशबोन होतं. सबफ्रेम (हे सगळं धरणारी वेगळी चौकट), डिफरन्शियल, आर्म, हब सगळं एकत्र घेतलं की मझ्दाच्या इंजिनिअरांनी काढलेले बिंदू जसेच्या तसे मिळतात. फक्त स्प्रिंग बदला, कारण त्या हजार किलोंच्या गाडीसाठी बनवलेल्या आहेत, आणि मागची रुंदी १.४ मीटरच्या आसपास येईल हे धरून बॉडी आखा. स्वतः काढलेलं डबल विशबोन मात्र ज्याला भूमितीची आवड आहे आणि ज्याच्याकडे सपाट सरफेस टेबल आहे, त्यानेच करावं.

पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं फॉर्म्युला स्टुडंटच्या स्पर्धांसाठी जे डबल विशबोन बांधतात, त्याची गोष्ट वेगळी. नियमांप्रमाणे चाकाला एकूण ५ सेंटिमीटर हालचाल असली की पुरे, ट्रॅक सपाट, शेजारी प्रवासी नाही, आणि हब ते स्वतःच मशीनवर कापून घेतात. त्यांच्यासाठी ती निवड बरोबर आहे. तीच भूमिती रस्त्यावरच्या गाडीत उचलून घालू नका.

भारतात बांधायला बसणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच पक्की करावी: गाडी ट्रॅकसाठी की रस्त्यासाठी? इंग्लंडात एकेकट्या गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देणारी आयव्हीए नावाची परीक्षा आहे. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली नव्या गाडीला मान्यता मिळते ती पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांच्या चाचण्यांतून, आणि ती सगळी व्यवस्था कंपन्यांसाठी आखलेली आहे. ट्रॅकची गाडी असेल तर ओम्नी किंवा इकोचा ॲक्सल हलक्या गाडीला मापाने योग्य आहे. इकोखाली तो कॉइल स्प्रिंग आणि दांड्यांवरच असतो, त्यामुळे ब्रॅकेट कुठे यायला हवीत याचा अर्धा धडा तिथेच गिरवता येतो.

काहीही निवडा, शेवटची वेल्ड घालण्याआधी एक दिवस काढा. स्प्रिंग काढून ठेवा, शॉकअब्सॉर्बरच्या जागी छिद्रं पाडलेली लाकडी पट्टी बसवा आणि चाक १ सेंटिमीटरच्या टप्प्याने पूर्ण खालून पूर्ण वर न्या. प्रत्येक टप्प्यावर कॅम्बर आणि टो मोजून वहीत लिहा. टोचा आकडा टप्प्यागणिक हलत असेल तर टोच्या दांडीचं आतलं टोक वर किंवा खाली सरकवून पुन्हा सगळं मोजा. ब्रॅकेट टाक्यावर उभी आहे तोवर ती ग्राइंडरने दोन मिनिटांत सुटते. त्याच वेळी ड्राइव्हशाफ्ट कुठे नळीला घासतोय का, ब्रेकची होज ताणली जातेय का आणि पूर्ण वर गेलेलं चाक मडगार्डला लागतंय का, तेही बघून घ्या.